ॲसिटोनचें माहेर

‘रसायन’ हा शब्द आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत औषधाचा होता. आवळा हें रसायन, च्यवनप्राश हें रसायन, आणि ज्याच्या सेवनानें म्हातारपण चार पावलें मागें सरतें तें सर्वच रसायन. आज तोच शब्द घरांत उच्चारला कीं बायका मुलांस जवळ ओढतात आणि पुरुष वर्तमानपत्राची घडी करून चष्मा पुसूं लागतात. दोन-तीन पिढ्यांत एखाद्या शब्दाची एवढी अधोगति झालेली आम्हांस दुसरी आठवत नाहीं. या भयास कारण नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. १९८४ च्या डिसेंबरांत भोपाळांत जें घडलें तें ज्यानें ऐकलें आहे त्यास कारण सांगण्याची गरज नाहीं. पण भय वाटणें निराळें आणि ज्याचें भय वाटतें त्याचें कुळगोत्र ठाऊक असणें निराळें. लग्न जमवितांना सात पिढ्यांची चौकशी करणारे आपण, घरांत येणाऱ्या बाटलीच्या एका पिढीचीही चौकशी करीत नाहीं.

आमच्या वर्ध्याच्या घरीं गेल्या चैत्रांत अशी एक बाटली चर्चेचा विषय झाली. नखांचा रंग पुसण्याची ती लहानशी बाटली पुतणीनें आणली होती. तिच्यावर बारीक अक्षरांत ‘ॲसिटोन’ असें छापलेलें होतें. धाकट्या काकूंनीं झांकण उघडून हुंगलें, डोळे मिटले, आणि ही वस्तु न्हाणींत ओतली तर अंगणांतल्या विहिरींत उतरेल कीं काय, असा प्रश्न केला. ‘अहो काकूआजी, केवढीशी ती बाटली!’ असें पुतणीनें उत्तर दिलें. प्रश्न आणि उत्तर दोन्हीं आम्हांस विचार करण्याजोगीं वाटलीं, आणि हें द्रव्य मुळांत येतें कोठून याचा आम्हीं थोडा शोध घेतला. तो शोध जेथें जाऊन पोंचला तें ठिकाण मात्र आमच्या घरांत कोणाच्याच मनांत आलें नव्हतें.

प्रथम त्याची ओळख करून देतों. ॲसिटोन हें पाण्यासारखें रंगहीन पण पाण्याहून हलकें द्रव्य आहे. तळहातावर दोन थेंब घेतले तर गारवा देऊन क्षणांत उडून जातें, कारण ५६ अंशांवरच तें उकळूं लागतें. वास गोडसर, परंतु नाकास झोंबणारा. चटकन पेट घेण्याची खोड त्यास आहे, म्हणून देवघराच्या निरांजनाजवळ आणि गॅसच्या शेगडीजवळ ती बाटली उघडूं नये. त्याचा मोठा गुण असा कीं तें पाण्यांतही मिसळतें आणि तेलांतही मिसळतें. एकत्र कुटुंबांतील एखादी शहाणी सून जशी सासूसही आपली वाटते आणि नणंदेसही आपली वाटते, तसें. या गुणामुळें रंग, रोगण, राळ आणि प्लॅस्टिकचे कित्येक प्रकार त्यापुढें विरघळतात, आणि रंगाच्या दुकानापासून औषधांच्या कारखान्यापर्यंत त्यास मागणी असते.

आज जगांतील बहुतेक विकाऊ ॲसिटोन खनिज तेलापासून होतें. बेंझीन आणि प्रॉपिलीन या दोन तेलजन्य पदार्थांपासून क्यूमीन नांवाचा तिसरा पदार्थ करतात. त्यास हवेंतील प्राणवायु पाजतात. आणि मग आम्लाच्या साहाय्यानें त्याचे दोन तुकडे पाडतात. एक तुकडा फिनॉल, दुसरा ॲसिटोन. शंभर किलो फिनॉल काढलें कीं सुमारें साठ किलो ॲसिटोन आपोआप पदरांत पडतें. म्हणजे फिनॉल पाहिजे म्हणूनही ॲसिटोन जन्मास येतें, कोणास तें नको असलें तरी. आपल्या देशांत कोचीन येथें आणि २०१८ पासून गुजरातेंतील दहेज येथें या जोडीचे मोठे कारखाने आहेत. पुतणीच्या बाटलीचा जन्म बहुधा अशाच एखाद्या ठिकाणीं झाला असावा. परंतु हें ॲसिटोनचें माहेर नव्हे. हें त्याचें दत्तक घर आहे, आणि तेंही अलीकडचें.

एकोणिसाव्या शतकांत ॲसिटोन लाकडांतून निघे. हवाबंद भांड्यांत लाकूड तापविलें म्हणजे कोळसा मागें राहतो आणि आंबट पाणी ठिबकून बाहेर येतें; त्यांत चुना घालून जो क्षार मिळतो तो पुन्हा भाजला कीं ॲसिटोन निघतें. १८८९ सालीं ॲबेल आणि ड्यूअर या शास्त्रज्ञांनीं इंग्लंडांत कॉर्डाइट नांवाची धूर न करणारी दारू तयार केली. नायट्रोग्लिसरीन आणि तीव्र आम्लांत मुरविलेला कापूस यांचा एकजीव लगदा करण्यास ॲसिटोनवांचून गत्यंतर नव्हतें. (आमचा जिल्हा दारूबंदीचा आहे, ही दारू कोणती असें वाचकांनीं विचारूं नये. ही बंदुकीची.) १९१४ चें महायुद्ध पेटलें आणि लाकडाचें ॲसिटोन पुरेना. तेव्हां मँचेस्टरच्या विद्यापीठांत रसायनशास्त्र शिकविणारे हायम वाइझमन यांनीं निराळीच वाट काढली. जमिनींत आणि धान्याच्या दाण्यांवर राहणारा एक जंतु त्यांनीं हुडकला. पिठाच्या पेजेंत तो सोडून हवा लागूं दिली नाहीं म्हणजे तो पिष्ट खातो आणि ॲसिटोन व ब्यूटॅनॉल मागें ठेवतो. पुढें मक्याची टंचाई पडली तेव्हां, १९१७ सालीं, इंग्लंडांतील शाळकरी मुलांकडून हॉर्स चेस्टनट नांवाच्या झाडाचीं फळें पोतींच्या पोतीं गोळा करविलीं गेलीं. तीं कशासाठीं, हें मुलांस सांगितलें नव्हतें. याच रीतीचा एक कारखाना आपल्याकडे नाशिक येथें बांधण्यांत आला, आणि मोहाच्या फुलांपासून ॲसिटोन काढण्याचे प्रयोगही त्या सुमारास हिंदुस्थानांत झाले. हे वाइझमन पुढें, १९४९ सालीं, इस्रायलचे पहिले अध्यक्ष झाले. ज्या लँकेशायरांत आमच्या हिंगणघाटच्या कापसाचें नांव एकोणिसाव्या शतकांत घेतलें जाई तेथेंच हा उद्योग व्हावा हा एक योगायोग, आणि याच जिल्ह्यांत पुलगांवास लष्कराचें दारूगोळ्याचें प्रचंड कोठार असावें हा दुसरा. योगायोगांवर आम्ही अधिक भार घालीत नाहीं.

त्यांतून आम्हांस जें घ्यावयाचें तें हें कीं वाइझमनचा खरा कामगार निसर्गांतलाच होता. माणसानें त्यास कढईजवळ बसविलें एवढेंच. तो आणि त्याचे भाऊबंद पायाखालच्या मातींत कोठलेंही पिष्ट कुजूं लागलें कीं आपला धंदा करीतच असतात. आणि केवळ जंतूच नव्हेत. बोरच्या अभयारण्यांतील साग आणि मोह, रस्त्याच्या कडेचा कडुनिंब, परसांतील तुळस, हिरवें पान म्हणून जें जें आहे तें थोडेंफार ॲसिटोन हवेंत सोडीत असतें. झाडांच्या सुगंधी तेलांच्या वाफांचा उन्हांत हवेशीं संयोग होऊनही तें तयार होतें. समुद्र तें देतो आणि घेतोही. शेतांत वाळलेली पऱ्हाटी पेटविली, चुलींत ओलें लांकूड धुमसलें, ओट्यावर बसून कोणी विडी ओढली, समृद्धी महामार्गावरून मालमोटार गेली, तरी प्रत्येक धुरांत त्याचा अंश असतो.

२००२ सालीं शास्त्रज्ञांनीं साऱ्या पृथ्वीचा एक हिशेब मांडून प्रसिद्ध केला. त्याप्रमाणें दरवर्षीं अदमासें साडेनऊ कोटी टन ॲसिटोन हवेंत येतें. त्यांतील सुमारें एकतृतीयांश वनस्पति थेट देतात. समुद्राचा वांटाही पावणेतीन कोटींच्या घरांत. खनिज तेल आणि जळाऊ वायु यांच्या निसटलेल्या वाफांपासून हवेंतल्या हवेंत दोन कोटींहून थोडें अधिक बनतें, आणि यांत मनुष्याचा हात आहे हें उघड आहे. पण कारखाने, वाहनें आणि डबे-बाटल्या यांतून थेट ॲसिटोन म्हणून जें उडतें तें दहा लाख टनांच्या आसपास, म्हणजे शंभरांत एक. हा आंकडा आमच्या पुतणीस फार आवडला. तिनें तो काकूंस दोन वेळां वाचून दाखविला.

काकूंचें समाधान अर्थात् पृथ्वीच्या हिशेबानें होण्यासारखें नव्हतें. त्यांस आपल्या विहिरीचें उत्तर पाहिजे होतें, आणि तें आम्हीं असें दिलें. हवेंत गेलेलें ॲसिटोन ऊन आणि हवेंतील इतर द्रव्यें मोडून टाकतात. तीन आठवड्यांत अर्धें नाहींसें होतें. पाण्यांत व मातींत त्यास खाणारे जंतु मुबलक आहेत, आणि तें माशांच्या अंगांत सांचून राहत नाहीं. चमचाभर ॲसिटोन न्हाणींत सांडलें तर बहुतेक उडून जाईल आणि उरलेल्याचा फडशा मोरीखालचे जंतु पाडतील. मात्र तें मातीस चिकटून राहत नाहीं. पाण्याबरोबर सरळ खालीं उतरतें. म्हणून जेथें पिंपेंच्या पिंपें खड्ड्यांत ओततात तेथील विहिरीस काकूंचा प्रश्न अगदीं यथार्थ आहे. आणखी एक गोष्ट. रंगारी ज्यास ‘थिनर’ म्हणतात त्यांत पुष्कळदां टोल्युईन असतें. तें ॲसिटोनच्या शेजारीं बसत असलें तरी त्याच्या जातीचें नव्हे. त्याच्या वाफांनीं डोकें भणभणतें, आणि नित्य हुंगणाराचा मेंदू बिघडतो. एका डब्यांत दोघे आहेत म्हणून दोघांचे गुण एक धरूं नयेत.

येथवर आम्ही आलों तेव्हां आमचा शोध संपला असें आम्हांस वाटलें होतें. परंतु ॲसिटोनचें सर्वांत जवळचें उगमस्थान अजून राहिलें होतें. तें म्हणजे आपला स्वतःचा श्वास.

पोटभर जेवलेल्या निरोगी माणसाच्या उच्छ्वासांतही ॲसिटोन असतें. दहा लाख भागांत एखादा भाग किंवा त्याहून कमी. अन्न बंद झालें कीं यकृतांत सांठविलेली साखर एका दिवसाच्या सुमारास संपते, आणि शरीर आपली चरबी मोडावयास काढतें. त्या मोडतोडींत कीटोन द्रव्यें निर्माण होतात. मेंदू आणि हृदय तीं आनंदानें जाळतात, आणि त्यांतील एकाचा थोडा अंश आपोआप फुटून ॲसिटोन होतो. हें ॲसिटोन रक्तांतून फुप्फुसांत आणि श्वासावाटे बाहेर पडतें. कांहीं लघवींतून जातें. उपास जितका कडक तितकें तें अधिक. अर्थात् सकाळीं साबुदाण्याची खिचडी, दुपारीं भगर व दाण्याची आमटी, आणि संध्याकाळीं रताळ्याचा कीस, अशा ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ या थाटाच्या उपासांत ॲसिटोनचा मागमूस लागावयाचा नाहीं. हरितालिकेस पाण्याचा थेंब न घेणाऱ्या आमच्या घरच्या मुली मात्र दुसऱ्या दिवशीं पहांटे खरोखरच ॲसिटोनचा एक सूक्ष्म कारखाना चालवीत असतात.

वर्ध्याच्या माणसानें उपासाविषयीं लिहावें आणि गांधीजींचें नांव घेऊं नये हें शक्य नाहीं. १९३६ पासून ते सेवाग्रामास राहिले; १९४६ च्या ऑगस्टांत तेथून निघाले ते पुन्हा परतले नाहींत. १३ जानेवारी १९४८ रोजीं दिल्लींत त्यांनीं शेवटचा उपास आरंभिला. वय ७८. प्रकृतीवर देखरेख डॉक्टर सुशीला नायर यांची. त्या उपासांत महात्माजींच्या लघवींत ॲसिटोन-द्रव्यें दिसूं लागलीं आणि डॉक्टर चिंतेंत पडले. आपली रामावरील श्रद्धा अपुरी असल्याचें हें लक्षण आहे, अशा अर्थाचें महात्माजी बोलले, आणि श्रद्धेचा याच्याशीं कांहीं संबंध नाहीं असें सुशीलाबाईंनीं त्यांस समजाविण्याचा प्रयत्न केला, असें नमूद आहे. १८ जानेवारीस उपास सुटला. याच सुशीलाबाईंनीं पुढें १९६९ सालीं सेवाग्रामास वैद्यकीय महाविद्यालय उभें केलें. दोघांपैकीं कोणाचें बरोबर, हा निवाडा करण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. रसायनशास्त्रापुरतें बोलावयाचें तर डॉक्टरीणबाईंचें बरोबर होतें. ज्या द्रव्याचें नांव नखांच्या बाटलीवर वाचून काकूंनीं नाक मुरडलें तें त्या आठवड्यांत साऱ्या देशाच्या काळजीचा विषय झालें होतें, ही गोष्ट आम्हीं रात्रीच्या पंगतीस सांगितली तेव्हां वाढणाऱ्या वहिनी पळी हातांत धरून तशाच उभ्या राहिल्या.

त्या उभ्या राहिल्या हें बरें झालें, असें आम्हांस दोन महिन्यांनीं म्हणावें लागलें. आमच्या आत्याबाई सदुसष्ट वर्षांच्या. वीस वर्षें मधुमेह आहे, आणि गेलीं सहा वर्षें इन्शुलिनची सुई. ज्येष्ठांतील निर्जला एकादशी त्यांनीं कोणाचेंही न ऐकतां केली. आणि पोटांत अन्न नाहीं तर सुई कशास, असा विचार करून सुईही घेतली नाहीं. तो विचार दिसावयास अगदीं बिनचूक होता. द्वादशीस सकाळीं त्यांस उलट्या सुरू झाल्या, पोट दुखूं लागलें. उन्हाळा आणि उपास, तेव्हां पित्तच असणार, असें आम्हां सर्वांचें मत. फोनवर विचारलेल्या एका डॉक्टरांचेंही तेंच. वहिनी त्यांस उठवून बसवीत होत्या. आत्याबाईंचा श्वास खोल, लांब आणि धापेसारखा चालला होता, आणि त्यास उतरलेल्या पेरूसारखा गोड वास येत होता. वहिनी म्हणाल्या, ‘आत्याबाईंनीं तर कालपासून फळाला हात लावलेला नाहीं, आणि हा वास मीं त्या बाटलीला घेतला आहे.’ पित्ताचा काढा तसाच राहिला. अर्ध्या तासांत आत्याबाई इस्पितळांत होत्या. रक्तांतील साखर साडेचारशेंच्या वर, आणि रक्त आम्लानें बिघडलेलें. दोन दिवस शिरेवाटे पाणी, क्षार आणि इन्शुलिन चाललें. पांचव्या दिवशीं त्या घरीं आल्या. पारणें इस्पितळाच्या पेजेवर झालें याचें दुःख त्यांस अजून आहे.

वाचकांच्या घरींही उपास आहेत आणि मधुमेहही आहे, म्हणून हें जरा सविस्तर सांगतों. निरोगी माणसाचा उपास आणि मधुमेहाचा हा प्रकार यांत ॲसिटोन एकच असलें तरी प्रमाणांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. उपाशी पण निरोगी माणसाच्या अंगांत थोडें इन्शुलिन असतेंच, आणि तें चरबी मोडण्यास लगाम घालतें. तो लगाम सुटला म्हणजे घोडा उधळतो. साखर रक्तांत तुडुंब भरलेली असते, पण पेशींत शिरूं शकत नाहीं. कोठार भरलेलें आणि किल्ली हरवलेली. शरीर समजतें कीं दुष्काळ पडला, आणि चरबी ओरबाडून कीटोन द्रव्यांचा एवढा ढीग घालतें कीं रक्त आंबतें. १८५७ सालीं पेटर्स या वैद्यानें प्रागमध्यें मधुमेह्याच्या लघवींत ॲसिटोन ओळखलें. परंतु १९२२ सालीं टोरोंटोस माणसास प्रथम इन्शुलिन टोंचलें जाईपर्यंत तें ओळखून उपयोग फारसा नव्हता. ज्याच्या श्वासास हा वास येई तो बहुधा वांचत नसे.

तेव्हां ज्यास इन्शुलिन चालू आहे त्यानें उपास आहे म्हणून तें आपल्या मनानें बंद करूं नये. किती कमी करावयाचें तें आपल्या डॉक्टरांस आधीं विचारावें. ज्यांच्या नांवाच्या शेवटीं ‘ग्लिफ्लोझिन’ येतें अशीं मधुमेहाचीं नवीं औषधें घेणारांनीं तर उपासापूर्वीं विचारलेंच पाहिजे, कारण त्यांत साखर फारशी वाढलेली नसतांही रक्त आंबूं शकतें, आणि साखर ठीक आहे म्हणून घरचीं माणसें निर्धास्त राहतात. फार तहान, वारंवार लघवी, उलट्या, पोटदुखी, खोल धाप, गुंगी, आणि हा गोड वास: यांतलीं दोन-तीन लक्षणें मधुमेह्यास एकत्र दिसलीं तर काढा, लिंबू-सरबत वगैरे घरगुती उपचारांत तास घालवूं नयेत. पहिल्यानेंच मधुमेह जडलेल्या लहान मुलांतही हा प्रकार होतो. शिवाय हा वास प्रत्येकाच्या नाकास येतोच असें नाहीं. आमच्या घरींच पाहिलें तर वहिनींस आला, आम्हांस आला नाहीं. नाकावर विसंबावयाचें नसेल तर लघवींत बुडवून पाहण्याच्या कागदी पट्ट्या औषधांच्या दुकानांत मिळतात, आणि कीटोन असल्यास त्यांचा रंग पालटतो.

अशा पट्ट्यांची एक डबी आतां आमच्या मधल्या खोलींतील फडताळांत, आत्याबाईंच्या सुयांशेजारीं असते. पुतणीची बाटलीही तेथेंच, पण वरच्या फळीवर, झांकण घट्ट लावून. आषाढी एकादशीच्या आधल्या दिवशीं आत्याबाई डॉक्टरांकडे स्वतः चालत गेल्या, निर्जल उपासाविषयीं बराच वेळ वाद घालून हरल्या, आणि दुसऱ्या दिवशीं दोन वेळां भगर खाऊन, ठरल्या वेळीं वहिनींस हांक मारून त्यांनीं सुई मागून घेतली.